गूळ, काकवी की एस-३०?

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म घालवलेल्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. मधुमेहाला साखरेपेक्षा गूळ बरा का, आणि सभासदांच्या दराने थोडी जास्तीची साखर मिळेल का. दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. धाकट्या भावाच्या मुलानं मात्र मिशिगनहून फोन करून तिसराच प्रश्न टाकला. "काका, बीअर बाटलीत भरताना थोडी साखर घालावी लागते. इथले लोक मक्याची साखर घालतात. मी आपला गूळ घातला तर चालेल का?"

हा फोन त्याच्या बापाला माहीत नव्हता. आमचं घर माळकरी. पण प्रश्न दारूचा कमी आणि साखरेचा जास्त होता, त्यामुळे मी तो ऐकून घेतला. तो जिथं राहतो तिथं घरी बीअर करायला कायद्यानं मोकळीक आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली, तेव्हापासून एका घराला वर्षाला दोनशे गॅलन करता येतात. पोरगा पाच गॅलन करतो, म्हणजे एकोणीस लिटर. तळघरात.

प्रकार असा. धान्याचा काढा यीस्टनं आंबवून झाला की त्यातला बराचसा वायू उडून गेलेला असतो. ती बीअर तशीच भरली तर मिळमिळीत लागते. म्हणून भरण्याच्या दिवशी तिच्यात मोजून साखर घालतात आणि बूच ठोकतात. बीअरमध्ये राहिलेलं यीस्ट ती साखर खातं, वायू सोडतं, आणि बाहेर जायला वाट नसल्यानं तो वायू बीअरमध्येच विरघळतो. बाटली उघडल्यावर येणारा फेस हा त्या मूठभर साखरेचा. कमी पडली तर फेस नाही, जास्त झाली तर बाटली फुटते.

उत्तर माझ्या ओठांवर होतं: साधी साखर घाल, गूळ खायला ठेव. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर माझ्या आजोबांना देता आलं नसतं. त्यांच्या वाळवा तालुक्यात साखर होतच नव्हती. होत होता गूळ, आणि तो किती गोड आहे हे फक्त जिभेला आणि अडत्याला कळत होतं.

वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि पुढं त्याचा सांगली जिल्हा झाला. तालुक्याचं ठाणं इस्लामपूर, जुने लोक उरुण-इस्लामपूर म्हणतात, २०२५ मध्ये सरकारनं त्याचं ईश्वरपूर केलं. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा, मधे काळी जमीन. ऊस आधी विहिरीवर, मोटेच्या पाण्यावर. मग १८६० च्या दशकात कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून कालवा काढला, तो कराड, वाळवा, तासगाव असा डाव्या तीरानं गेला. मोटेच्या पाण्यावर हौसेनं लावायचा ऊस त्या पट्ट्यात बेतानं लावता येऊ लागला. तेव्हाची जात पुंड्या. जाड, मऊ, दातानं सोलून खायला उत्तम आणि कोल्ह्यांनाही तितकाच प्रिय.

गुऱ्हाळाचं यंत्र म्हणजे बाभळीच्या उभ्या लाटा. मधल्या लाटेला नवरा म्हणत, शेजारचीला नवरी, आणि बैल गोल फिरत. रसापैकी बराच चिपाडातच राहून जाई. इथं एक गोष्ट घडली, ती आमच्या भागाची म्हणून अभिमानानं सांगण्यासारखी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना टाकला. औंधच्या राजांनी जागा आणि पाठबळ दिलं. नांगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण किर्लोस्करवाडीनं उसाचे लोखंडी चरकही केले, आणि गुळाच्या धंद्यात त्या चरकानं जे केलं ते नांगरानं शेतीत केलं त्याहून कमी नव्हतं. रस वाढला, चिपाड कोरडं निघू लागलं, आणि कोरडं चिपाड चुलवाणात चांगलं जळतं.

आता गुळव्याकडे येऊ, कारण माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे.

गुऱ्हाळावर मालक कुणीही असो, राज्य गुळव्याचं. आमच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याला मी लहानपणी बराच वेळ बघत बसे. काहिलीत रस चढला की चुन्याची निवळी घालायची, त्यानं रसाचा आंबटपणा मरतो. मग रानभेंडीची ठेचलेली झाडं पाण्यात कुस्करून तो बुळबुळीत रस घालायचा. मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. जळव्यानं चुलवाणात चिपाड किती रेटायचं हे गुळव्या हातानं खुणावतो. रस आटतो, रंग बदलतो, बुडबुडे मोठे होतात. १०५ अंशांच्या आसपास काकवी होते, ती हवी असेल तर तेव्हाच काढायची. ११८ अंशांच्या जवळ गूळ. पण हे आकडे मला पुढं शिकायला मिळाले. गुळव्याकडे थर्मामीटर नसायचा. तो पाण्याच्या भांड्यात थेंब टाकायचा, बोटांत त्याची गोळी वळायचा आणि ती काठावर आपटायचा. टण्ण वाजली की ओरडायचा, "आलं आदण, उतरा!" मग काहील वाफ्यात पालथी व्हायची.

आता एका आदणाचा गूळ दुसऱ्यासारखा का नसायचा? ऊस तोडून दोन दिवस बांधावर पडला तर त्यातल्या साखरेचे आपोआप तुकडे पडायला लागतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. असा गूळ घट्ट धरत नाही, पावसाळ्यात पाघळतो. खोडवा उसाचा गूळ निराळा, लावणीचा निराळा, खाऱ्या पाण्यावरच्या उसाचा तर खारटच. ढेप बाहेरून कोरडी आणि आतून ओली. प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचं तर गुळात मूळ साखर ६५ पासून ८५ टक्क्यांपर्यंत काहीही, फुटलेली साखर दहा-पंधरा टक्के, पाणी तीनपासून दहा टक्के, बाकी क्षार. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापूरला शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ उभी राहिली, तिथं हा सगळा फरक अडत्या ढेपेला टोचा मारून, रंग बघून, कण जिभेवर ठेवून ओळखायचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही रंगाच्या, चवीच्या आणि रव्याच्या नावावर. मी या माणसांना कमी लेखत नाही. उलट त्यांच्या बोटांना जे कळायचं ते आमच्या नव्या केमिस्टांना यंत्र लावूनही कधी कधी कळत नाही. पण बोटाला कळलेलं दुसऱ्याला फोनवर सांगता येत नाही.

यात गंमत अशी की अडत्यानं नाकारलेला गूळ यीस्टला जास्त आवडावा. उसाची साखर यीस्टला तशीच पोटात घेता येत नाही. आधी तिचे दोन तुकडे करावे लागतात, त्यासाठी त्याच्याकडे स्वतःचं विकर असतं. पाघळलेल्या गुळात हे काम आधीच बरंचसं झालेलं असतं. बाजारात ज्याला भाव नाही तो काळा गूळ हातभट्टीवाल्याकडे जायचा, त्याचं पहिलं कारण स्वस्ताई हे खरं. पण आंबवण्याच्या दृष्टीनं त्या गुळात खोट नव्हती.

साखर आमच्याकडे उशिरा आली. १९३२ साली सरकारनं परदेशी साखरेवर जकात बसवून देशी उद्योगाला संरक्षण दिलं आणि देशभर कारखान्यांचं पेव फुटलं. माळीनगर, वालचंदनगर त्याच सुमाराचे. त्याच वर्षी फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. कोइमतूरच्या जाती तिथून शेतकऱ्याच्या बांधावर येऊ लागल्या, को ४१९, मग को ७४०, आणि पुंड्या दिसेनासा झाला. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी कारखान्याची चाकं फिरली. त्यानंतर कृष्णाकाठी कोण मागे राहतो? रेठऱ्याला कृष्णा कारखाना, सांगलीला वसंतदादांचा शेतकरी कारखाना, साखराळ्याला राजारामबापू पाटलांच्या पुढाकारानं वाळवा तालुक्याचा, वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींचा हुतात्मा किसन अहिर कारखाना. या सगळ्या कारखान्यांचं राजकारण सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही, आणि माझ्या गावी अजून राहायचं आहे.

मला सांगायचंय ते वेगळं. कारखान्यानं ऊस गाळला हे खरं, पण त्यानं तालुक्याला गोडी मोजायला शिकवलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलरीमीटर नावाचं नळीचं यंत्र असतं. रसातून प्रकाश पाठवायचा आणि तो किती अंश वळला ते वाचायचं, त्यावरून साखर किती ते कळतं. याला आम्ही पोल म्हणतो. पाण्यात विरघळलेला एकूण ऐवज किती, तो ब्रिक्स. पोल भागिले ब्रिक्स, ती शुद्धता. 'रिकव्हरी' हा शब्द तर इतका घरोघरी गेला की अंगठा उठवणारा शेतकरीही चावडीवर म्हणायचा, यंदा बाराच्या वर जाईल. माझा थोरला चुलता गुळाची ढेप बोटानं ओळखायचा, पण त्याच्या उसाचा भाव आता माझ्या नळीतून ठरत होता. त्याला ते कधी आवडलं नाही. वजनकाट्याइतकाच त्याला माझ्या नळीचाही संशय होता.

शेवटी पोत्यात जी साखर पडते तिचं नाव एस-३० किंवा एम-३०. पहिलं अक्षर दाण्याच्या आकाराचं, आकडा रंगाचा. तिचा पोल ९९.८ च्या घरात. सकाळच्या पाळीची घ्या, रात्रपाळीची घ्या, या वर्षीची घ्या, मागच्या वर्षीची घ्या. ज्याला चव नाही म्हणून खाणारे नावं ठेवतात, त्याच साखरेवर मोजणाऱ्याला डोळे मिटून विश्वास ठेवता येतो.

तर पुतण्याला मी पुढचा हिशोब कळवला. १०० ग्रॅम साखर पुरती आंबली तर साधारण ५१ ग्रॅम वायू देते. मक्याची साखर म्हणजे ग्लुकोज, पण तिच्या स्फटिकात पाणी अडकलेलं असतं, म्हणून तिच्यापासून ४४ ग्रॅमच. तुझ्या साध्या बीअरला लिटरमागे पावणेपाच ग्रॅम वायू हवा. वीस अंशांच्या तळघरात आंबली असेल तर पावणेदोन ग्रॅम तिच्यात आधीच शिल्लक आहे. उरले तीन. म्हणजे लिटरला सहा ग्रॅमच्या आतबाहेर साखर, एकोणीस लिटरला ११० ते ११५ ग्रॅम. मक्याची असेल तर १३० च्या जवळ. गूळ घालायचा तर १२५ ते १४०, आणि यातला नेमका आकडा तुला कुणी सांगू शकणार नाही, कारण तो कुठल्या आदणाचा हे कुणाला ठाऊक? चमच्यानं मोजू नकोस, काट्यावर तोल. पाण्यात उकळून, निववून, सगळ्या बीअरमध्ये एकदम मिसळ. बाटली-बाटलीत चिमटीनं टाकशील तर एक मिळमिळीत आणि एक बाँब.

हेही खरं सांगितलं पाहिजे की गुळाच्या या दहा टक्क्यांच्या फरकानं बाटली फुटत नाही. फुटते ती आधीचं आंबवण पुरं व्हायच्या आत भरण्याची घाई केली म्हणून, किंवा साखर दोनदा पडली म्हणून. गुळाला माझा विरोध वेगळ्या कारणानं आहे. लिटरमागे सहा-सात ग्रॅम गुळाची चव त्या कडू पेयात कुणाला लागणार? गुळाचं गुळपण तिथं वाया जातं. चव हवी असेल तर काकवी घे आणि काढा उकळतानाच लिटरा-लिटरानं ओत, मग काही दिसेल. बेल्जियममध्ये ते हेच करतात. खडीसाखर आणि तिच्यापासूनचा काळा पाक ते पातेल्यात घालतात, आणि बाटलीत जाते ती साधी पांढरी साखर.

"मग सगळे लोक साखरच का नाही घालत?" हा त्याचा पुढचा प्रश्न. अरे, ज्याच्या रानात जे, ते त्याच्या बाटलीत. मिशिगनभोवती मका पिकतो म्हणून तुझ्या दुकानात मक्याची साखर. जर्मनीत बव्हेरियाच्या १५१६ च्या कायद्यानं बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी सोडून काही घालायला बंदी केली, म्हणून तिथले लोक न आंबलेला काढाच थोडा बाजूला काढून ठेवतात आणि भरताना तो मिसळतात. आपल्याकडे ऊस आहे. पण आपल्याकडे घरी बाटलीत घालायची सोय नाही, ती गोष्ट पुढं.

बाटलीत साखर घालण्याचं काम जगात सगळ्यात महागात पडलं ते फ्रान्समधल्या शँपेन प्रांताला. तिथंही वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात. पण पूर्वी आधीची साखर किती उरली आहे हे कळत नसल्यानं वरची साखर अंदाजानं पडे, आणि एखाद्या वर्षी तळघरातल्या ढीगभर बाटल्या फुटून जात. एक फुटली की तिच्या काचांनी शेजारची फुटे. कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून आत शिरत. १८३६ च्या सुमारास फ्रान्स्वा नावाच्या एका औषधवाल्यानं वाइनमधली उरलेली साखर मोजण्याची रीत काढली आणि वर किती घालायची त्याचा हिशोब बसवून दिला. आज तो हिशोब लिटरला चार ग्रॅम साखरेमागे एक वातावरण दाब असा धरतात. शँपेनला सहा हवेत, म्हणून चोवीस ग्रॅम. तुझ्या बीअरच्या चौपट, म्हणूनच ती बाटली इतकी जाड आणि बुचाला तारेची जाळी. या गृहस्थाचं नाव वाइन पिणाऱ्यांनाही माहीत नसतं. मला विचाराल तर त्याच्या नावाची बाटली निघायला हवी होती.

हे काम महाराष्ट्रात झालेलं आहे. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात नारायणगावला द्राक्षापासून शँपेनच्याच पद्धतीनं वाइन करायला घेतली, बाटलीत साखर, बाटलीत दुसरं आंबवण. 'ओमर खय्याम' या नावानं ती परदेशातही गेली. उसाच्या राज्यात साखरेला सापडलेलं हे सगळ्यात ऐटीचं काम असावं. पुढं २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूरला आणि आमच्या सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढायचं ठरलं. विंचूरनं बाळसं धरलं. पलूस किर्लोस्करवाडीच्या शेजारी, आमच्यापासून फार लांब नाही. तिथली द्राक्षं वाइनपेक्षा बेदाण्यात जास्त रमली. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याचे सौदे ज्यानं पाहिलेत त्याला यात नवल वाटणार नाही.

फेसाळ पेयाची आमच्या लोकांची ओळख मात्र दारूशिवाय झाली. एसटी स्टँडबाहेर गोटी सोडा मिळायचा. हिरवट बाटली, गळ्यात काचेची गोटी, अंगठ्यानं दाबली की फुस्स. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकात काढली. आतला वायूच गोटीला वर दाबून धरतो, बूच नको की तार नको. सोड्यातला वायू सिलिंडरमधून येतो, बाटलीतल्या यीस्टकडून नाही, त्यामुळे साखरेचा हिशोब सोडावाल्याला कधी करावाच लागला नाही. पण सोड्याचा जन्म कुठं झाला? इंग्लंडमध्ये लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली हा पाद्री बीअरच्या कारखान्याशेजारी राहायला होता. १७६७ च्या सुमारास त्यानं आंबणाऱ्या बीअरच्या पिंपावर तरंगणाऱ्या वायूत पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून पाहिलं आणि पाण्याला चुरचुरी आली. १७७२ मध्ये त्यानं त्यावर पुस्तिका छापली. म्हणजे आमच्या माळकऱ्यांनी आषाढीला जाताना वाटेत प्यायलेला सोडा मूळचा भट्टीतला. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

आता कायद्याचं. आमच्या तालुक्याला दारूचा राग जुना आहे. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील यांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात इथं चाललं, आणि त्यांच्या कामात इंग्रजांच्या चौक्यांइतकंच दारूच्या दुकानांवर लक्ष होतं. गावोगावची दुकानं बंद पडली. त्यानंतर मुंबई राज्यानं १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी आणली. साठच्या दशकात ती सैल झाली, पण कायदा तोच राहिला. त्यामुळे आजही आमच्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते एकोणीस लिटर असो की एक. बाया अजूनही मतदान करून गावातलं दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी.

बंदीच्या काळात ओढ्याकाठी हातभट्ट्या लागल्या. काळा गूळ, नवसागर आणि मडकी. मी या धंद्याची बाजू घेत नाही, आमच्या भागातली कितीतरी घरं त्यात गेली. मात्र नवसागराची एक गोष्ट मला आंबवण्याचं शास्त्र शिकल्यावर उमगली. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला वाढायला नुसती साखर पुरत नाही, नत्र लागतं, आणि गुळात ते फारसं नसतं. डिस्टिलरीत आम्ही साखर काढून उरलेली मळी आंबवताना युरिया आणि डीएपी घालायचो, तेही याचसाठी. काळोखात काम करणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या माणसानं हे कुठून काढलं असेल? माणसं मरतात त्या विषारी दारूत, २०१५ ला मुंबईच्या मालवणीत शंभरावर गेली तशी, बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं असतं. त्या विषाचा दोष गुळावर टाकता येत नाही.

मी ज्या डिस्टिलरीत शेवटची वर्षं काढली तिथं दाराला दोन कुलपं असायची, एक आमचं, एक एक्साईजचं. साखर काढून उरलेली काळी मळी, तिच्यात निम्म्याच्या आसपास आंबणारी साखर असते. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल. मोठाल्या टाक्या रात्रभर खदखदत, वर फेसाचा थर. तो सगळा वायू उघड्यावर जायचा. पुतण्याला जो तीन-तीन ग्रॅमनं मोजून हवा होता तो आम्ही टनानं आभाळात सोडत होतो. नंतर नंतर काही ठिकाणी तो पकडून, दाबून सिलिंडरमध्ये भरायला लागले, आणि सोडावाल्यांकडेही जाऊ लागला. म्हणजे गोटीमागचा वायू परत यीस्टकडे आला, प्रीस्टलीच्या पिंपावर होता तसा.

२००३ पासून पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०१८ नंतर बी-हेवी, म्हणजे साखर पुरती न काढलेल्या मळीला आणि थेट उसाच्या रसालाही परवानगी मिळाली, आणि २०२५ पर्यंत मिश्रण वीस टक्क्यांवर गेलं. पेठ नाक्यावर गाडीत भरतो त्या पाच लिटरांतलं एक लिटर यीस्टनं केलेलं आहे. गूळ, साखर, मळी अशी जी उतरंड आम्ही शिकलो होतो ती त्यात उलटीपालटी झाली. पूर्वी साखर काढून जे उरे ते आंबवायचं. आता आंबवायला जास्त भाव मिळाला तर साखर कमी काढायची.

गुऱ्हाळं कमी झाली, पण संपलेली नाहीत. शिराळ्याकडे आणि वारणेपलीकडे पन्हाळ्याच्या बाजूला अजून धूर दिसतो. पुतण्या जानेवारीत येणार आहे. ब्रिक्स बघायचा एक हातातला दुर्बिणीसारखा काचेचा तुकडा त्यानं विकत घेतलाय, तो घेऊन येणार म्हणतो. एकाच गुऱ्हाळावरच्या सकाळच्या आणि तिन्हीसांजेच्या आदणाचा गूळ पाण्यात विरघळवून बघायचा आमचा बेत आहे. मी तिथल्या गुळव्याला आधीच विचारून ठेवलं. त्यानं माझ्याकडे वरून खाली बघितलं.

"बघा की. पर दोन्ही ढेपा इकत घ्याव्या लागत्याल."